मातीचा अहवाल आणि एम.ई.चा प्रबंध

गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीच्या, कडेला घर बांधायचं म्हटलं की आधी बोअर, म्हणजे माती तपासायचं खोल भोक, मारतात. तिपाई उभी राहते, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडत राहतो आणि नमुन्याची नळी जमिनीत घुसवतो. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागले ते वहीत उतरतं. या वहीतून पुढे दोन वेगळे दस्तऐवज निघू शकतात. एक मालकाच्या हाती जातो, त्याला सगळे सॉइल रिपोर्ट म्हणतात. दुसरा विद्यापीठात जातो, तो एम.ई. किंवा एम.टेक.चा प्रबंध, बोलण्यात डिसर्टेशन. दोन्हींत माती तीच, प्रयोगशाळा तीच, आयएस कोड (भारतीय मानकं) तेच, तक्तेसुद्धा तसेच. म्हणूनच साइटवर तीन-चार वर्षं काढून पदव्युत्तर शिक्षणाला आलेला अभियंता पहिल्याच्या साच्यात दुसरा ओततो आणि फेज वनच्या, म्हणजे प्रबंधाच्या पहिल्या टप्प्याच्या, सादरीकरणात अडकतो.

तिथे अडकणं महागात पडतं. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) २०१८ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो नमुना दिला, त्यात एकूण ६८ क्रेडिट आहेत. पहिल्या दोन सत्रांची प्रत्येकी १८, पुढच्या दोन सत्रांची प्रत्येकी १६. त्यातली प्रबंधाच्या फेज वनची १० आणि फेज टूची १६, म्हणजे एकट्या प्रबंधाची २६. चौथं सत्र तर सगळंच प्रबंधाचं. प्रत्येक विद्यापीठाचा अध्यादेश स्वतःचा असतो आणि आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, त्यामुळे आपल्या बॅचला लागू असलेला अध्यादेशच वाचावा, वरच्या बॅचचा नव्हे. याच नमुन्यात दुसऱ्या सत्रात २ क्रेडिटचा एक मिनी प्रोजेक्टही आहे. साइटचा अहवाल नीट बांधून द्यायचा असेल तर त्याची जागा ती. २ क्रेडिटचा ऐवज २६ क्रेडिटच्या खात्यात भरायला गेलं की गाइड परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे.

फरक पानांच्या संख्येत नाही. अहवाल विचारतो: या प्लॉटवर, या खोलीवर, या इमारतीखाली माती किती भार घेईल? त्याचं उत्तर शेवटी एका ओळीत मावतं. अमुक मीटरवर पाया घ्या, सुरक्षित भारक्षमता अमुक, खचण्याची मर्यादा अमुक. प्रबंध विचारतो: ही माती अशी का वागते, आणि कोणत्या अटी बदलल्या की तशी वागणं सोडते? याचं उत्तर प्लॉटच्या कुंपणाबाहेरही टिकलं पाहिजे. मग बोअर किती, नमुने किती, कुठल्या चाचण्या, हे सगळं या प्रश्नावरून ठरतं.

अहवालाचं काम हलकं आहे असं मात्र कुणी समजू नये. गोव्यात तर मुळीच नाही. आयएस १८९२ या पायासाठीच्या जमीन-तपासणीच्या कोडची १९७९ ची आवृत्ती सुमारे ०.४ हेक्टरच्या आटोपशीर जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर पुरेसा मानत असे, आणि लहान इमारतीला मधला एकही चालेल म्हणत असे. पण इथल्या पठारावर वर चिऱ्याचा कडक थर असतो आणि त्याखाली पुष्कळदा लिथोमार्ज, म्हणजे पांढरट-गुलाबी, मऊ, हाताने चुरडता येणारी माती. चिऱ्यात ठोके ५० च्या वर गेले की ड्रिलर ‘रिफ्युझल’ (नळी पुढे जात नाही) लिहून मोकळा होतो आणि बोअर थांबतो. रिपोर्टमध्ये तोच कातळ समजला जातो. खालचा मऊ थर कुणी पाहिलेलाच नसतो. दुसरी फसगत ऋतूची. लिथोमार्ज कोरडी असताना चांगली ताठ असते, भिजली की बळ सोडते. मे महिन्यात मारलेल्या बोअरचे ठोके जुलैत मिळतीलच असं नाही. चांगला अहवाल म्हणूनच चिरा फोडून खाली उतरतो, बोअर कुठल्या महिन्यात मारला ते लिहितो आणि पाण्याची पातळी पावसाळ्यातली धरून हिशेब करतो.

आता गंमत अशी की ‘भिजल्यावर लिथोमार्जचं बळ किती आणि कशामुळे कमी होतं’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. अहवाल ती शंका फॅक्टर ऑफ सेफ्टीत, म्हणजे सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या भाजकात, बुडवतो. आकडा २.५ ने किंवा ३ ने भागला की मालक, कंत्राटदार आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर तिघेही शांत झोपतात. प्रबंधात हा भागाकार चालत नाही. तिथे शंका बुडवायची नसते, वर काढून मोजायची असते. तीन नमुन्यांपैकी एक निम्म्या बळावर फुटला तर अहवाल लिहिणारा कमी आकडा धरून पुढे जातो. प्रबंध लिहिणाऱ्याला थांबून पाहावं लागतं की त्यात चिऱ्याचा खडा होता, साच्यातून काढताना चीर पडली की ओलावाच वेगळा होता.

खाजनातल्या चिकणमातीचं एक उदाहरण घेऊ. विषय समजा असा: चुना मिसळून या मातीचं बळ वाढतं, पण मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, आत येणाऱ्या खाऱ्या पाण्यात ती वाढ टिकते का? चुन्याचे पाच डोस: ०, २, ४, ६ आणि ८ टक्के. क्युरिंग, म्हणजे नमुने मुरत ठेवणं, तीन मुदतींचं: ७, २८ आणि ९० दिवस. पाणी दोन प्रकारचं, गोडं आणि खारं. प्रत्येक मिश्रणाचे तीन नमुने. ५ × ३ × २ × ३, म्हणजे ९० नमुने. नमुना ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे साधारण ८६ घन सेंटिमीटर. ओली घनता १.७ धरली तर एकाला जवळपास १४७ ग्रॅम माती, ९० ना १३ किलोच्या आसपास. ऐकायला थोडी वाटते. पण कॉम्पॅक्शन (ठासणीची चाचणी), लिक्विड लिमिट (किती ओलाव्यावर माती पातळ होऊन वाहू लागते), पीएच, फुटलेले आणि पुन्हा करायचे नमुने धरले तर ५०-६० किलो माती एकाच खड्ड्यातून, एकाच दिवशी उचलून हवाबंद ठेवलेली बरी. अर्ध्यावर माती संपली आणि दुसऱ्या खड्ड्यातून आणली, की पहिल्या निम्म्या आकड्यांची दुसऱ्या निम्म्यांशी तुलना उरत नाही.

यातला शून्य टक्क्यांचा डोस सर्वांत आधी गाळला जातो. ‘साधी माती तर एकदाच तपासली की’ असं म्हणून. तिथेच प्रबंधाचा पाया ढिला होतो. समुद्री चिकणमाती कालवून नुसती ठेवली तरी काही दिवसांत थोडं बळ परत मिळवते. बिनचुन्याचे नमुनेही ७, २८ आणि ९० दिवस ठेवून फोडले नाहीत, तर वाढीतला चुन्याचा वाटा किती हे सांगता येत नाही. खाऱ्या पाण्याचंही तसंच: गोड्या पाण्याची जोडी नसेल तर तुलना कशाशी करणार? अहवालाला असल्या जोडीदारांची गरज नसते, म्हणून साइटवरून आलेल्याला त्यांची सवय नसते.

हाताळणीतल्या चुकाही इथल्या मातीच्याच आहेत. समुद्री चिकणमाती १०५-११० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून मग लिक्विड लिमिट काढलं, तर आकडा खाली येतो, कारण वाळताना बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा पाणी घातलं तरी पूर्वीसारखे सुटत नाहीत. नैसर्गिक ओलाव्यावरून सुरुवात करावी. जास्तच ओली असेल तर सावलीत थोडी सुकू द्यावी. ओलावा मोजताना पाणी उडून जातं पण मीठ भांड्यातच राहतं आणि ते मातीच्या वजनात धरलं जातं. क्षार जास्त असतील तर ही दुरुस्ती दाखवावी लागते. चुन्याचा डोस अंदाजाने ठरवू नये. आधी माती, पाणी आणि चुना ढवळून पीएच १२.४ ला किती टक्क्यांवर पोचतो ते पाहावं आणि डोस त्याच्या अलीकडे-पलीकडे घ्यावेत. क्युरिंगचे नमुने प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावेत, नाहीतर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो आणि बळ येतच नाही. गुंडाळताना आणि सोडताना, दोन्ही वेळा वजन घ्यावं. फोडताना भार दर मिनिटाला उंचीच्या अर्ध्या ते दोन टक्के या गतीने द्यायचा. सगळ्या ९० ना एकच गती.

आणि कॅलेंडर. ९० दिवसांचे नमुने जानेवारीत घातले तर एप्रिलमध्ये फुटतात आणि लिहायला हातात वेळ राहतो. मार्चमध्ये घातले तर जून उजाडतो, सबमिशनही तेव्हाच. यावर उपाय म्हणून ‘९० दिवसांचे आकडे २८ वरून अंदाजाने काढले’ असं कुणी लिहिलं तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न त्यावरच येतो. तिसऱ्या सत्रात साचे, माती आणि पीएचची चाचणी उरकून ठेवणं एवढाच मार्ग आहे.

मग ऑफिसातल्या जुन्या सॉइल रिपोर्टांचा प्रबंधाला काही उपयोग? आहे, पण ढीग करून नव्हे. पन्नास रिपोर्ट गोळा करून ठोके आणि बळ यांचा आलेख काढणं हा लोकप्रिय बेत आहे. त्यात प्रत्येक रिगचा हातोडा वेगळा आणि दोर ओढायची पद्धत वेगळी, त्यामुळे सळईपर्यंत पोचणारी ऊर्जा वेगळी असते. ऊर्जेची दुरुस्ती न करता काढलेला आलेख मातीपेक्षा ड्रिलरबद्दल जास्त सांगतो. शिवाय रिपोर्ट ज्या मालकाने पैसे देऊन करून घेतला त्याची लेखी परवानगी लागते. ईटॅब्स या इमारतीच्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मजली इमारत बसवून दोन कोडांचे आकडे शेजारी ठेवणं, हेही स्ट्रक्चर्सकडचं तसंच प्रकरण. तिथे प्रश्न नसून फक्त सॉफ्टवेअर चालवलेलं असतं.

लिखाणात आणखी एक जागा निसरडी आहे. अहवालात चाचणीची पद्धत कोडमधून जशीच्या तशी उतरवली तर कुणी हरकत घेत नाही. प्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यावा लागतो, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंधही देता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. आयएस २७२० या माती-चाचण्यांच्या कोडमधली पानं चिकटवणारे बहुधा दुसऱ्या गटात सापडतात. कोडचा भाग क्रमांक लिहावा आणि आपण त्यात काय बदललं तेवढंच सांगावं: साचा कुठला, ओलावा किती, किती थरांत ठासलं.

बोअरचे लॉग, ठोक्यांचे तक्ते, भारक्षमतेची आकडेमोड हे सगळं प्रबंधाच्या परिशिष्टात जावं. मुख्य प्रकरणांत आलेख आणि त्यांची कारणं. बाहेरून आलेले परीक्षक बहुतेक वेळा परिशिष्ट चाळतात, बंद करतात आणि विचारतात: ‘माती चोडण बेटाची आहे, मग शेजारच्या दिवाडी बेटाला हाच निष्कर्ष चालेल?’ अहवाल लिहिणारा म्हणतो, तिथे वेगळा बोअर मारावा लागेल. प्रबंध लिहिणाऱ्याने आपल्या मातीचं लिक्विड लिमिट, चिकणकणांचं प्रमाण, सेंद्रिय अंश आणि क्षारता सांगायची, आणि या आकड्यांच्या आत बसणारी दिवाडीची माती असेल तर हो, सेंद्रिय अंश जास्त निघाला तर नाही, कारण तो चुना आधीच खाऊन टाकतो, असं उत्तर द्यायचं.