टोमॅटोचे हस्तपरागीभवन (गृहबागेतील)

टोमॅटोच्या (शास्त्रीय नाव : सोलॅनम लायकोपर्सिकम, कुल : सोलॅनेसी) फुलातील परागकण वाऱ्यावर किंवा कीटकांवर न सोडता माणसाने फुलाला टिचकी मारून, फुलांचा घोस हलवून किंवा एखाद्या साधनाने कंप देऊन ते कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या पराग धरणाऱ्या टोकावर) पाडणे, या क्रियेस टोमॅटोचे हस्तपरागीभवन म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबई या शहरांत काचा लावून बंद केलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांचे बाहेर काढलेले ग्रिल, सोसायट्यांच्या गच्च्या आणि वाशी, नेरूळ, बेलापूर येथील रो-हाऊसच्या पुढची हातभर जागा येथे कुंड्यांतून टोमॅटो लावणारे पुष्कळ आहेत. ‘फुले भरपूर येतात, पण धरत नाहीत’ ही त्यांची नेहमीची तक्रार असते आणि तिच्यावरचा उपाय म्हणून या क्रियेची शिफारस केली जाते. शिफारस बहुतेक वेळा खरी असली, तरी ती हंगाम न पाहता केली जाते. या दोन शहरांच्या दमट, उष्ण हवेत क्रियेचे यश हाताच्या कौशल्यापेक्षा महिन्यावर अधिक अवलंबून असते, हे ध्यानात घेतल्याखेरीज तिचा योग्य उपयोग होत नाही.

फुलाची रचना : टोमॅटोचे फूल द्विलिंगी असते, म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असतात. दुधी, काकडी, कारले किंवा लाल भोपळा यांच्या वेलीवर नर फुले व मादी फुले वेगळी असतात आणि तेथे नर फूल खुडून मादी फुलाला लावावे लागते. घरी बाग करणाऱ्यांनी वेलभाज्यांची ही रीत आधी शिकलेली असते, त्यामुळे ते टोमॅटोच्या बाबतीतही ‘नर फूल कोणते’ असे विचारतात. टोमॅटोत तसा शोध घेण्याचे कारण नाही. त्याच्या पिवळ्या, मागे वळलेल्या पाकळ्यांच्या मध्यभागी परागकोश (पुंकेसरांच्या पराग असलेल्या पिशव्या) कडेकडेने एकमेकांना जोडले जाऊन त्यांचा एक पोकळ शंकू तयार होतो आणि त्या शंकूच्या आत कुक्षिवृंत (कुक्षीचा दांडा) व कुक्षी असते. परागकोश आतल्या बाजूने उभे चिरतात, त्यामुळे परागकण बाहेर न उडता शंकूच्या पोकळीत उतरतात. फूल देठावर खाली तोंड करून लोंबत असल्याने हलका धक्का बसला, की मीठदाणीतून मीठ पडावे तसे ते शंकूच्या टोकाकडे घसरतात आणि वाटेत कुक्षीला चिकटतात. लागवडीतील आधुनिक वाणांत कुक्षी शंकूच्या आतच राहते, म्हणून बहुतांश फुलांत स्वपरागीभवन होते. काही रानटी जातींत आणि काही जुन्या, मोठ्या फळांच्या वाणांत मात्र ती शंकूबाहेर डोकावते व परपरागीभवनाला वाव मिळतो. कडक उन्हाळ्यात लागवडीच्या वाणांतही कुक्षिवृंत लांबून कुक्षी बाहेर येण्याचा प्रकार घडतो. अशा फुलात शंकूतून पडणारे पराग कुक्षीला चुकवून खाली जातात.

मधमाशी आणि भुंगा : टोमॅटोच्या फुलात मध नसतो. त्यातून मिळतो तो फक्त पराग, आणि तोही शंकूत कोंडलेला. तो बाहेर काढण्यासाठी काही जातींच्या माश्या फुलाला पायांनी घट्ट धरतात व पंख न फडफडवता उड्डाणाचे स्नायू कंपित करतात. सेकंदाला साधारण 200 ते 400 आवर्तनांच्या या कंपनाने परागाचा ढग त्यांच्या पोटावर सांडतो. थंड प्रदेशांतील केसाळ बंबल माशी यात सर्वाधिक निष्णात आहे. भारतात ती मुख्यतः हिमालयाच्या भागात आढळते. कोकणपट्टीत हे काम लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली अमेजिला ही एकटी राहणारी माशी करते. सातेरी, फुलोरी आणि आग्या या आपल्या परिचयाच्या मधमाश्यांना अशी कंपने करता येत नाहीत. त्यामुळे इमारतीच्या छज्जाखाली आग्याचे पोळे असूनही दहाव्या मजल्यावरच्या बंद गॅलरीतला टोमॅटो वांझ का राहतो, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस किंवा खारघरच्या टेकडीलगत राहणाऱ्यांच्या बागेत भुंगे येण्याची शक्यता अधिक असते. वाळकी लाकडे, बांबू आणि रानफुले जवळ असली की त्यांना घर आणि खाद्य दोन्ही मिळते.

युरोपातील काचगृहांत पूर्वी मजूर हातात विजेवर कंपणारी कांडी घेऊन एकेका घोसाला स्पर्श करीत फिरत. 1980 नंतरच्या दशकात बेल्जियम व नेदरलँड्समध्ये बंबल माशीच्या वसाहती पेट्यांत वाढवून काचगृहात ठेवण्याचा व्यवसाय उभा राहिला आणि ते हातकाम तेथे जवळजवळ संपले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर बंबल माशी आणण्यास परवानगी नसल्याने तेथील काचगृहांत माणसांनी व यंत्रांनी कंप देण्याची पद्धत टिकून आहे. काचेने बंद केलेली ठाण्यातील गॅलरी हेही वनस्पतीच्या दृष्टीने एक छोटे काचगृहच असते, फक्त ते अधिक तापते.

शहरी घरातील अडचणी : मोकळ्या शेतात वारा हेच टोमॅटोचे मुख्य परागीकरण-साधन असते, नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणारा टोमॅटो कोणी टिचक्या मारून पिकवलेला नसतो. गॅलरीला सरकत्या काचा बसवल्या की वारा थांबतो. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीतून माशी सहज आत येते, परंतु डासांसाठीच्या बारीक जाळीतून ती येऊ शकत नाही. उंच मजल्यांवर उलट परिस्थिती असते : तेथे कीटक कमी पोहोचतात, पण वारा इतका असतो की झाडे आपोआप हलतात आणि हाताच्या मदतीची गरज उरत नाही. म्हणजे ही क्रिया प्रामुख्याने बंद गॅलरीतील, ग्रिलच्या आतील आणि दोन इमारतींमधील चिंचोळ्या जागेतील झाडांसाठी आहे. उघड्या गच्चीवर ती बहुधा अनावश्यक ठरते.

पद्धती : सर्वांत सोपी पद्धत म्हणजे फुलांच्या घोसाच्या देठामागे बोटाने दोन-तीन हलक्या टिचक्या मारणे, किंवा झाड ज्या काठीला बांधले असेल त्या काठीला झटका देणे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा दात घासण्याचा ब्रश घरात असेलच, तर त्याची मागची बाजू घोसाच्या देठाला क्षणभर टेकवल्याने परिणाम अधिक चांगला मिळतो, कारण त्याचे कंपन टिचकीपेक्षा भुंग्याच्या कंपनाला जवळचे असते. शंकूचे तोंड खाली ठेवून मागे काळा कागद धरल्यास सुटलेली पिवळसर भुकटी दिसते आणि फूल पक्व आहे की नाही याची खात्री होते. चित्रकलेचा ब्रश फुलात घालून फिरवण्याची पद्धत लोकप्रिय असली, तरी ती कमी उपयोगाची आहे : ब्रशचे केस शंकूच्या आत पोहोचत नाहीत आणि जोर दिल्यास कुक्षिवृंत मोडतो.

वेळ दुपारच्या सुमाराची निवडावी. पहाटे आणि सकाळी लवकर खाडीकडील हवेतील दमटपणा इतका असतो की परागकण ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात; हिवाळ्यात साधारण सकाळी 11 ते दुपारी 2 या काळात हवा कोरडी होते व ते मोकळे सुटतात. पाकळ्या गडद पिवळ्या होऊन पूर्ण मागे वळल्या, म्हणजे फूल तयार झाले असे समजावे. एका घोसातील फुले एकाच दिवशी उमलत नाहीत, देठाकडून टोकाकडे क्रमाने उमलतात. त्यामुळे घोस उमलत असेपर्यंत एक-दोन दिवसांआड हीच क्रिया करावी लागते. नुकतीच फवारणी केलेली किंवा पाणी शिंपडलेली फुले वाळल्याखेरीज हलवू नयेत.

स्वच्छतेची एक बाब सहसा सांगितली जात नाही. टोमॅटोवरील मोझॅइक विषाणू स्पर्शाने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि तंबाखूचा मोझॅइक विषाणू तंबाखू मळलेल्या बोटांवरूनही येऊ शकतो. म्हणून तंबाखू, विडी किंवा सिगारेट हाताळल्यानंतर साबणाने हात धुऊनच झाडाला हात लावावा आणि पाने आकसलेल्या, चट्टेदार झाडाला वापरलेले साधन निरोगी झाडाला टेकवू नये.

हवामान आणि फूलगळ : टोमॅटोच्या फलधारणेस दिवसा 21 ते 29 अंश सेल्सियस आणि रात्री 15 ते 20 अंश तापमान सर्वांत मानवते. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर किंवा रात्रीचे 22–24 अंशांच्या वर राहू लागले की परागकणांची जननक्षमता घटते. याहून महत्त्वाचे म्हणजे परागकण तयार होण्याचा सर्वांत नाजूक टप्पा फूल उमलण्यापूर्वी साधारण 8 ते 13 दिवस असतो. आज उमललेल्या फुलातील पराग कसा आहे हे आजच्या हवेवर ठरत नाही. ते मागच्या एक-दोन आठवड्यांतील उष्णतेने आधीच ठरलेले असते. त्यामुळे एखादा थंड दिवस पाहून त्याच दिवशी जोमाने टिचक्या मारल्या, तरी मेलेला पराग जिवंत होत नाही.

ठाणे व नवी मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री पुरेशा थंड असतात. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये बी टाकले, महिन्याभराने रोपे मोठ्या कुंडीत लावली, तर पहिले घोस याच काळात येतात. मार्चमध्ये रात्रीचे तापमान 20 अंशांच्या पुढे जाते, एप्रिल-मेमध्ये ते बहुतेक रात्री 24 अंशांच्या खाली येत नाही आणि फुले देठाच्या गाठीपासून गळू लागतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंती दिवसभराचे ऊन साठवून ते रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात, आणि शेजाऱ्याच्या वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पेटीचा गरम झोत कुंड्यांवर येत असेल, तर गॅलरीचे तापमान हवामान खात्याच्या आकड्यांहून कितीतरी वर असते. पावसाळ्यात तापमान उतरते, परंतु आर्द्रता दीर्घकाळ 80 टक्क्यांच्या वर राहते, ऊन मिळत नाही आणि पराग ओला राहतो. या दोन्ही ऋतूंत हस्तपरागीभवनाने फारसे काही साधत नाही. वेळ घालवायचाच असेल, तर तो रोपांना सावलीची जाळी लावण्यात किंवा पुढच्या हंगामाची माती तयार करण्यात घालवावा.

फळ न धरण्याचे प्रत्येक कारण परागीभवनातही नसते. शेणखत, पेंड किंवा युरिया यांतून नत्र जास्त मिळाले की झाड पानांनी भरते आणि घोस कमी येतात. दिवसाला सहा तासांहून कमी ऊन मिळणाऱ्या गॅलरीत फुले आखूड, फिकट आणि परागाने गरीब होतात. एकदा माती पूर्ण सुकू देणे आणि नंतर भरपूर पाणी घालणे या आलटापालटीनेही फुले गळतात. स्वस्तातल्या लहान कुंडीत मोठ्या फळाच्या वाणाचे झाड लावल्याने होणारी उपासमार याच प्रकारात येते. हे सर्व ठीक असून फुले गळत असतील, हवा थंड असेल आणि वारा नसेल, तरच हस्तपरागीभवनाचा गुण येईल असे धरावे. नॅप्थॅलिन ॲसिटिक आम्लासारखी वाढ-नियंत्रके फवारून फूलगळ रोखण्याची पद्धत शेतात आहे. घरातील चार कुंड्यांसाठी, मात्रा चुकल्यास पाने आकसत असल्याने, ती टाळलेली बरी.

यशाच्या खुणा : परागीभवन यशस्वी झाले, की काही दिवसांत पाकळ्या तपकिरी होऊन सुकतात, देठ हिरवा राहून जाड होतो आणि सुकलेल्या पाकळ्यांच्या मागे मोहरीएवढा हिरवा अंडाशय दिसू लागतो. अयशस्वी फुलात देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळेपणा येतो आणि बोट लागताच फूल त्या गाठीतून निखळते. अर्धवट परागीभवन झालेले फूल धरते, परंतु त्याच्या सर्व बीजांडांचे बीजात रूपांतर न झाल्याने फळ एका बाजूला खुरटते, लहान राहते किंवा आतून पोकळ होते. बिया जितक्या अधिक, तितके फळ साधारणपणे मोठे व गोटीदार. फूल धरल्यापासून फळ पिकण्यास वाण व हवेप्रमाणे सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात.

संकरासाठी परागीभवन : वरील सर्व वर्णन स्वपरागीभवनाला मदत करण्यापुरते आहे. दोन वाणांचा संकर करावयाचा असल्यास क्रिया वेगळी आणि खरोखर हातकौशल्याची होते. मातृवाणाची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिकट पिवळ्या व परागशंकू अजून हिरवट असताना, टोकदार चिमट्याने शंकू अलगद उपटला जातो. पाकळ्या त्याच्या बुडाशी जोडलेल्या असल्याने त्याही बरोबर निघतात आणि नुसता कुक्षिवृंत उरतो. दुसऱ्या दिवशी पितृवाणाच्या उमललेल्या फुलांचा पराग काचेवर किंवा बोटात घालायच्या अंगठीवरील लहानशा वाटीत झटकून घेऊन त्यात कुक्षी बुडवली जाते. खूण म्हणून दोन निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले) कापतात. पिकलेल्या फळावर ती अर्धवट निदले शिल्लक राहत असल्याने तोडणीच्या वेळी संकरित फळे वेगळी काढता येतात. कर्नाटकातील राणेबेन्नूर परिसरात संकरित टोमॅटोचे बियाणे याच रीतीने हजारो हातांनी तयार होते, आणि पाकिटावर ‘एफ-1’ (संकराची पहिली पिढी) छापलेल्या बियाण्याची किंमत देशी बियाण्याहून इतकी अधिक असते, त्यामागे हेच काम असते. गृहबागेत चेरी टोमॅटो आणि मोठ्या फळाचा वाण यांचा संकर हौसेने करून पाहता येतो. त्या बियांपासून आलेली पहिली पिढी सारखी दिसते. तिच्या फळांतील बी पुन्हा लावल्यास मात्र लहान, मोठी, गोल, लांबट अशी मिश्र फळे देणारी झाडे उगवतात.