आरोग्यसेवेतील समता व रुग्णहक्क

आरोग्यसेवेतील समता व रुग्णहक्क : दवाखाना, रुग्णालय, मानसिक आरोग्य संस्था व निवासी काळजीकेंद्रे यांत येणाऱ्या व्यक्तीला जात, धर्म, लिंग, अपंगत्व, वय, भाषा, आजार किंवा ऐपत यांवरून हीन वागणूक मिळू नये, तिच्या वेगळेपणाला साजेशी सोय व्हावी आणि स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्याच हाती राहावा, या तत्त्वांचा व त्यांना आधार देणाऱ्या कायद्यांचा समुच्चय. प्रस्तुत नोंदीत भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील, स्थिती विचारात घेतली आहे.

हे हक्क एका कायद्यात सापडत नाहीत. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय, ग्राहकसंरक्षण व अपंगत्व यांवर केंद्राचे कायदे, डॉक्टरांचे वर्तन वैद्यक परिषदेकडे, तर आरोग्याचा मूलभूत हक्क न्यायालयांनी संविधानाच्या अनुच्छेद २१ (जीविताचा हक्क) मधून काढलेला, अशी त्यांची विखुरलेली रचना आहे.

उगम : रुग्णहक्कांचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकमत नाही. एका मतानुसार जागतिक आरोग्य संघटनेची घटना (१९४६), मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा अनुच्छेद २५ (१९४८) व प्राथमिक आरोग्यसेवेविषयीचा आल्मा-आता जाहीरनामा (१९७८) ही त्याची उगमस्थाने होत. दुसरे मत न्यायालयीन आहे. ‘परमानंद कटारा’ निकालाने (१९८९) अपघातग्रस्ताला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार देणे प्रत्येक डॉक्टरवर, मग तो सरकारी असो वा खाजगी, बंधनकारक ठरवले. रेल्वेतून पडलेल्या एका जखमी मजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्या ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने, पैशाच्या अडचणीची सबब सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे म्हटले. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा हाच क्रम दिलेला असतो.

तिसरा प्रवाह या दोहोंहून जुना असून त्याची दखल मात्र कमी घेतली गेली आहे. समाजसुधारक सी. के. बोले यांनी मांडलेला व मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केलेला ठराव पाणवठ्यांच्या संदर्भात, महाडच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका म्हणून, परिचित आहे. विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व कचेऱ्या यांच्याबरोबर त्यात सार्वजनिक दवाखान्यांचाही स्पष्ट उल्लेख होता, हे सहसा नजरेआड होते. दाराआत प्रवेश मिळाला की प्रश्न सुटतो असे नाही, हेही त्याच काळात दिसून आले होते. गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ने डिसेंबर १९२९ मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र छापले. त्याच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टरने वस्तीबाहेर आणवून पाहिले, परंतु स्पर्श केला नाही. तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हातून पतीकडे व पतीच्या हातून तिच्याकडे गेला. ती दगावली.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व रस्ते यांची नावे येतात. रुग्णालयाचे येत नाही. ही उणीव १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने भरून काढली. १९७६ पासून हा कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचे कलम ५ रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवते, आणि प्रवेश दिल्यानंतर आत केलेला भेदभावही. उपचारातील असमानतेला शिक्षा सांगणारी इतकी जुनी व इतकी नेमकी तरतूद दुसरी दाखवता येत नाही. त्यामुळे ‘रुग्णहक्क’ ही संज्ञा अलीकडची असली, तरी समतेच्या अंगाने पाहता उगम या तिसऱ्या प्रवाहात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. समतेची व रुग्णहक्कांची अशा दोन्ही धारा मात्र एकत्र आल्या नाहीत : एक दाराशी थांबली, दुसरी फीच्या पावतीपासून सुरू झाली.

पावतीची धारा म्हणजे ग्राहक कायदा. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ निकालाने (१९९५) वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. सर्वांना पूर्णतः मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली गेली. पैसे आकारणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेणारा गरीब रुग्ण मात्र ग्राहकच मानला जातो. परिणामी, जो सर्वाधिक अवलंबून आहे अशा मोफत सरकारी रुग्णालयातील रुग्णालाच ग्राहक तक्रारीचा हा मार्ग बंद आहे.

संमती : भारतातील प्रमाण निकाल ‘समीरा कोहली’ (२००८) हा होय. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय, ती शुद्धीवर नसताना, आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. न्यायालयाने ठरवले की प्रौढ व सक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची संमती चालत नाही. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी पुरत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी तातडीने करावयाच्या कृतीचा. डॉक्टरने सांगावयाच्या बाबी अशा : कृतीचे स्वरूप व हेतू, अपेक्षित लाभ, पर्यायी उपचार, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम. दूरान्वयाने संभवणारा प्रत्येक धोका सांगणे या निकालानुसार आवश्यक नाही. अमेरिकी न्यायालयांची अधिक कडक कसोटी येथे जाणूनबुजून स्वीकारलेली नाही, आणि त्यावर टीकाही झाली आहे.

व्यवहारात चूक बहुधा फॉर्मपाशी होते. दाखल होतानाच कोऱ्या किंवा सर्वसाधारण मजकुराच्या कागदावर सही घेतली जाते. पुढे त्यात शस्त्रक्रियेचे नाव भरले जाते. मजकूर इंग्रजी, सही मराठीत वा अंगठा, आणि समजावून सांगणाऱ्याचे नाव कोठेच नाही, असा फॉर्म वाद उद्भवल्यास रुग्णालयालाही उपयोगी पडत नाही. विवाहित स्त्रीच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची सही मागण्याची प्रथा केवळ सामाजिक नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील नियम ७.१६ ची शब्दरचनाच ‘पती किंवा पत्नी, अज्ञानाच्या (अल्पवयीनाच्या) बाबतीत पालक, अथवा रुग्ण स्वतः’ अशी संदिग्ध आहे, आणि वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला ती दोघांची संमती मागते. याउलट शासकीय कुटुंबनियोजन मानकांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराची सही लागत नाही. गर्भपात कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची संमती पुरते. ही विसंगती दूर झालेली नाही. २०२३ मध्ये काढलेली नवी आचारसंहिता लगेच स्थगित झाल्याने २००२ चीच संहिता लागू आहे.

याच संहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. अर्ज लेखी करून पोच घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्ड मागितल्यास तेवढेच मिळते. शस्त्रक्रियेचे टिपण, भुलीची नोंद, परिचारिकांच्या नोंदी व औषधांचा तक्ता यांची नावे अर्जात स्वतंत्रपणे लिहावी लागतात.

अपंगत्व व मानसिक आजार : अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. कलम २५ नुसार सरकारी व खाजगी अशा सर्व रुग्णालयांचे सर्व भाग अडथळामुक्त असले पाहिजेत आणि तपासणी व उपचार यांत अपंगांना प्राधान्य दिले पाहिजे. अंमलबजावणी प्रवेशद्वारावरच्या रॅम्पपाशी संपते, आणि तो रॅम्पही अनेकदा चुकीचा असतो. उताराचे प्रमाण १:१२ धरल्यास ४५ सेंमी. उंचीच्या जोत्याला ५.४ मी. लांबीचा रॅम्प लागतो. जागा वाचवण्यासाठी तो २ मी.मध्ये बसवला, तर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्यालाही झेपत नाही. तपासणीचे उंच टेबल, एक्स-रे कक्षाचा उंबरठा, आतून अरुंद असलेले स्वच्छतागृह आणि कर्णबधिराला ऐकू न येणारी नंबराची हाक हे पुढचे अडथळे. हाकेऐवजी फलकावर नंबर दाखवणे हा उपाय स्वस्त असून इतरांच्याही सोयीचा आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) याची बैठक वेगळी आहे. प्रत्येक व्यक्ती निर्णयक्षम आहे असे तो गृहीत धरतो. माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम उमजणे आणि निर्णय कोणत्याही रीतीने कळवता येणे या कसोट्या होत. इतरांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरत नाही. आगाऊ निर्देश देणे (पुढे आजारपणात कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधी लिहून ठेवणे) व प्रतिनिधी नेमणे हे हक्क कायद्यात आहेत. स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने मागितल्यास त्याला सोडावेच लागते. ठरावीक कारणांसाठी मूल्यमापनाकरिता फार तर २४ तास थांबवता येते. प्रतिनिधीच्या साह्याने रुग्णाला दाखल केले असल्यास पहिली मुदत ३० दिवसांची असते. साखळदंडाने बांधणे आणि भूल व स्नायुशिथिलक न देता विद्युत्‌झटके देणे यांवर बंदी आहे. नातेवाईक ‘आम्ही भरती केले, आम्हीच सोडवू’ असे धरून चालतात आणि रुग्णालयेही त्यांनाच विचारतात. कायद्याशी सर्वाधिक फारकत येथे आढळते.

विविधता : एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७ संसर्गावरून उपचार नाकारण्यास मनाई करतो. २० किंवा अधिक व्यक्तींच्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो (इतर आस्थापनांसाठी हा आकडा १०० आहे). खाटेवर किंवा केसपेपरवर लाल खूण करण्याची जुनी सवय गोपनीयतेचा भंग तर करतेच, शिवाय निरर्थकही आहे : हातमोजे, सुयांची विल्हेवाट इत्यादी सार्वत्रिक खबरदारी प्रत्येक रुग्णाबाबत घ्यावयाची असते, आणि खूण नसलेला रुग्ण निर्धोक समजला गेला की तीच ढिली पडते. तृतीयपंथी व्यक्तींचा प्रश्न वॉर्डपाशी अडतो. ‘नालसा’ निकाल (२०१४) व २०१९ चा अधिनियम त्यांची ओळख मान्य करतात. वॉर्डांची विभागणी मात्र स्त्री व पुरुष एवढीच आहे.

भाषेबाबत कायदा जवळजवळ मूक आहे. पावरी, भिली, कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या रुग्णाशी मराठीत झालेले संभाषण संमती ठरेल काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दुभाष्याचे काम आशा कार्यकर्ती किंवा सोबतचे मूल करते. स्त्रीरोगाच्या तक्रारी मुलामार्फत सांगितल्या जात नाहीत, हे उघड आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने रुग्णालयाला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले आणि त्याची रचना गावातील घरांसारखी ठेवली. विविधतेचा विचार इमारतीपासून करण्याचे हे ठळक उदाहरण होय.

ऐपत : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असतात, एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या वेळी आधी दाखल करून घेणे बंधनकारक आहे. तरीही रात्री तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, किंवा राखीव खाटा भरल्या असल्याचे सांगितले जाते. उत्पन्नमर्यादा वेळोवेळी बदलते.

सामाजिक काळजी : वृद्धांसाठी २००७ च्या अधिनियमाचे कलम २० सरकारी रुग्णालयांत शक्यतो खाटा व स्वतंत्र रांग सांगते. ब्युरोमार्फत घरी येणाऱ्या आया व मदतनीस यांच्या कामाला स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

तक्रार : राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क आहेत, केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कळवलेल्या यादीत सुरुवातीला १३ होते. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. येथे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील २०२१ च्या सुधारित नियमांनी सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. सनद लावलेली नसल्यास तक्रार नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे महापालिका क्षेत्रात महापालिकेकडे, जाते. भरपाई हवी असल्यास ग्राहक आयोगाकडे २ वर्षांत. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. एकाच अर्जात तिन्ही मागण्या घातल्यास तो बहुधा परत येतो. सरकारी दवाखान्यांसाठी २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली; गावकरी आरोग्यकेंद्राचे प्रगतिपुस्तक भरतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागतात. वैद्यक परिषदेने सहा महिन्यांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. निर्णय मान्य नसल्यास वरच्या मंडळाकडे अपील करण्याचा हक्क राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ चे कलम ३० डॉक्टरला देते. तक्रारदार रुग्णाचा उल्लेख त्यात नाही.