शिल्लक पेट्यांचा आकडा ठेवायचा कुठे?

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात हापूसचा हंगाम मार्चपासून जोर धरतो. अनेक बागायतदार आता पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतात, आणि मागणी फोन, व्हॉट्सअ‍ॅप किंवा स्वतःच्या छोट्या अ‍ॅपवर घेतात. असं अ‍ॅप म्हणजे चार स्क्रीन: पेट्यांची यादी, एका पेटीचा तपशील, टोपली आणि पैसे भरण्याची जागा. तरीही त्यात एक चूक हटकून होते. पाच डझनी पेटीसमोर यादीत ‘शिल्लक ७’ दिसतं, तपशिलात ६, आणि टोपलीच्या चिन्हावर अजून शून्यच.

प्रत्येक स्क्रीनने आकड्याची स्वतःची प्रत ठेवली की हे होणारच. अ‍ॅप चालू असताना बदलत राहणाऱ्या अशा माहितीला ‘स्टेट’ म्हणतात, आणि ती कुणी ठेवायची, कुणी बदलायची, बदल कुणाला कळवायचा याच्या व्यवस्थेला स्टेट मॅनेजमेंट. ही व्यवस्था मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत 1979 मध्ये ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडलं. माहिती एका जागी, तिचं दर्शन दुसऱ्या जागी. स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत ही मांडणी रुजली तेव्हा माहिती बदलली की ती बघणाऱ्यांना कळवायचं, हा नियमही तिच्यासोबत पक्का झाला. पुढची साधनं कितीही वेगळी दिसली तरी त्यांचा गाभा हाच आहे.

आजच्या पद्धतींना वळण मिळालं ते फेसबुकमध्ये, आणि कारण पेट्यांच्या आकड्यासारखंच होतं. न वाचलेल्या संदेशांचा आकडा चॅटच्या खिडकीत एक, वरच्या पट्टीत दुसरा दिसायचा. दुरुस्त केला तरी काही दिवसांनी पुन्हा बिघडायचा. 2013 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्ट या स्क्रीन रचायच्या साधनाच्या जोडीला त्यांनी 2014 मध्ये फ्लक्स ही रचना मांडली. तिच्यात माहिती एकाच दिशेने वाहते आणि स्क्रीन तिला परस्पर हात लावत नाही. 2015 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे त्याचं मोबाइल रूप आलं, त्याच वर्षी डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांचं रिडक्स हे स्टेट सांभाळायचं साधन आलं, आणि ही शिस्त अँड्रॉइड-आयफोनच्या सामाईक अ‍ॅपमध्ये पोहोचली. रिडक्समुळे बदल नेमका कुठून झाला ते शोधता येऊ लागलं. मात्र एक आकडा वाढवायला अ‍ॅक्शन (काय घडलं), रिड्यूसर (त्यावरून नवी स्टेट) आणि स्क्रीनशी जोडणी असं तीन ठिकाणी लिहावं लागे. प्रत्येक अ‍ॅपला रिडक्स लागत नाही, हे 2016 मध्ये खुद्द अब्रामोव्ह यांनीच लिहिलं.

फ्लटर हे एकाच कोडमधून अँड्रॉइड-आयफोन दोन्हींची अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन. त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर 2018 ची. त्यात सुरुवातीपासून सेटस्टेट होतं: एका विजेटची, म्हणजे स्क्रीनच्या एका तुकड्याची, स्टेट बदलायची, फ्लटर पुढच्या फ्रेमला ते विजेट नव्याने बांधतं. डझन निवडायचं बटण, उघडमीट होणारा तपशील, अर्धवट भरलेला पत्ता, एवढ्यासाठी ते आजही पुरेसं आहे. अडचण येते ती दोन स्क्रीनना तोच आकडा लागतो तेव्हा. मग स्टेट दोघांच्या वरच्या विजेटमध्ये न्यावी लागते आणि मधल्या प्रत्येक विजेटला ती निष्कारण पुढे सरकवावी लागते. हे टाळायला, वरची माहिती खालच्या कुठल्याही विजेटला थेट देणारं इनहेरिटेड विजेट होतं, पण ते हाताने लिहिणं किचकट. गूगलच्या फ्यूशिया या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमधून बाहेर काढलेलं स्कोप्ड मॉडेल त्यामुळेच लोकप्रिय झालं.

2018 च्या जानेवारीत डार्टकॉन्फ या फ्लटरच्या डार्ट भाषेवरच्या परिषदेत गूगलच्या पाओलो सोआरेस यांनी ब्लॉक (BLoC) ही पद्धत मांडली. फ्लटर आणि वेबसाठीचं अँग्युलरडार्ट यांना व्यवहाराचा कोड सामाईक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. त्यासाठी आत-बाहेर फक्त स्ट्रीम, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मूल्यांचा प्रवाह, असा कडक नियम होता. ज्यांना वेबसाठी अँग्युलरडार्ट वापरायचंच नव्हतं, त्यांनीही स्ट्रीमचा भार उचलला, आणि नवशिके अडकले ते इथेच. त्याच वर्षी रेमी रूसले यांचं प्रोव्हायडर हे इनहेरिटेड विजेट सोपं करणारं पॅकेज आलं, आणि 2019 च्या गूगल आय/ओ परिषदेत फ्लटरच्या चमूने तेच सुचवलं. त्यांच्या दस्तऐवजातला साध्या पद्धतीचा धडाही प्रोव्हायडर आणि बदल झाला की ऐकणाऱ्यांना कळवणाऱ्या चेंजनोटिफायरवरच बेतलेला आहे.

पेट्यांच्या अ‍ॅपला ही पद्धत चपखल बसते. ‘टोपली’ नावाचा एक क्लास चेंजनोटिफायरपासून काढायचा. निवडलेल्या पेट्यांची यादी त्यात खासगी ठेवायची आणि बाहेर फक्त न बदलता येणारी प्रत द्यायची. ‘भर’ आणि ‘काढ’ या दोनच मेथडनी यादी बदलायची, आणि दोन्हींच्या शेवटी नोटिफायलिसनर्स बोलवायचं. ते विसरलं तर आकडा आत बदलतो पण स्क्रीनवर जुनाच राहतो. मूळ यादी बाहेर दिली तर कुठलीही स्क्रीन तिच्यात परस्पर पेटी टाकते आणि कुणालाच कळत नाही.

ही टोपली खालच्या विजेटांना पुरवणारा चेंजनोटिफायरप्रोव्हायडर अख्ख्या अ‍ॅपला गुंडाळणाऱ्या मटेरियलअ‍ॅप विजेटच्या वर ठेवावा. यादीच्या स्क्रीनमध्ये ठेवला तर नव्याने उघडलेल्या टोपलीला तो सापडत नाही आणि लाल स्क्रीनवर प्रोव्हायडर न मिळाल्याची चूक येते. कारण स्क्रीन बदलणारा नॅव्हिगेटर नवी स्क्रीन आधीच्या स्क्रीनच्या पोटात बसवत नाही, शेजारी ठेवतो. विजेट बांधणाऱ्या बिल्डमध्ये आकडा दाखवताना वॉच (बदल ऐकत राहतं), बटण दाबल्यावरच्या कामात रीड (एकदाच वाचतं). आणि बदल ऐकून नव्याने बांधला जाणारा कन्झ्युमर शक्य तितका खाली, फक्त आकड्याभोवती. तो अख्ख्या स्क्रीनला गुंडाळला तर एक पेटी वाढवली की फोटोंसह सगळी यादी नव्याने बांधली जाते. स्वस्त फोनवर ती अडखळते.

आकडा एकच असेल तर व्हॅल्यूनोटिफायर आणखी सुटसुटीत. मात्र त्यात यादी ठेवून तिला नुसतं अ‍ॅड केलं तर कुणालाही कळवलं जात नाही, कारण वस्तू तीच राहते. दर वेळी नवी यादी द्यावी लागते.

प्रोव्हायडरची एक उणीव खरी आहे. तो जागेवर आहे की नाही हे अ‍ॅप चालल्यावरच कळतं. रूसले यांनीच पुढे रिव्हरपॉड लिहिलं, त्यामागे हे मोठं कारण होतं. शंभर स्क्रीनच्या, अनेक हात लागणाऱ्या अ‍ॅपला रिव्हरपॉड किंवा ब्लॉक घ्यावं. चार स्क्रीनच्या हंगामी अ‍ॅपला ते घेऊ नये. पुढच्या मार्चला दर बदलायला दुसराच कुणी बसला तर त्याला कोड तासाभरात उमगला पाहिजे.

किनाऱ्यावरच्या वापरात दोन बिघाड जास्त दिसतात. खाडीकाठी किंवा डोंगराच्या आडोशाला रेंज जाते, सर्व्हरचं उत्तर उशिरा येतं, तोवर गिऱ्हाईक मागे फिरलेलं असतं. मिटलेल्या विजेटवर सेटस्टेट झाला की चूक येते, म्हणून अवेटनंतर, म्हणजे उत्तराची वाट बघून झाल्यावर, आधी माउंटेड (विजेट अजून जागेवर आहे का) तपासावं. दुसरा पैसे भरताना. गिऱ्हाईक यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातं, कमी मेमरीच्या फोनवर अँड्रॉइड मागचं अ‍ॅप बंद करतो, आणि परत आल्यावर टोपली रिकामी. चेंजनोटिफायर फक्त मेमरीत जगतो. म्हणून ‘भर’ आणि ‘काढ’ मध्येच टोपली फोनच्या साठ्यात, म्हणजे शेअर्डप्रेफरन्सेस किंवा एसक्यूलाइटमध्ये, लिहावी आणि अ‍ॅप उघडताना वाचून घ्यावी.

शिल्लक पेट्यांचा आकडा मात्र फोनमध्ये कायमचा ठेवू नये. तो सर्व्हरचा, फोनवर दिसते ती घडीभराची प्रत. शेवटची पेटी ठाण्याहून आणि कोथरूडहून एकाच वेळी मागितली गेली तर निवाडा सर्व्हरवरच, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच नाही) व्हायला हवा, आणि ‘पेटी संपली’ हे उत्तर पैसे घेण्याआधी स्क्रीनवर आलं पाहिजे.