सिम्प्सन वाळवंट आणि बाथरूममधला वजनकाटा

मेलबर्नच्या आमच्या गॅरेजमध्ये सध्या बाथरूममधला वजनकाटा मुक्कामाला आहे. गाडीत चढणारी प्रत्येक वस्तू आधी त्याच्यावर चढते: पाण्याचे कॅन, फावडं, दुसरी स्टेपनी, फ्रिज. काल प्रेशर कुकरची पाळी आली. ‘‘आता कुकरचंही वजन?’’ बायको म्हणाली. काटा साडेतीन किलोवर थांबला. गॅस वाचतो, पाणीही कमी लागतं, हे तिचं म्हणणं बिनतोड होतं. कुकर राहिला, माझी घडीची खुर्ची गेली.

जायचं आहे ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचं सिम्प्सन वाळवंट ओलांडून. पश्चिमेला माउंट डेअर, पूर्वेला बर्ड्सव्हिल, मध्ये सुमारे 500 किलोमीटर, आणि तेवढ्यात ना डिझेल मिळत, ना मोबाइलची रेंज. वाटेत लोखंडाच्या गंजाने लाल झालेल्या वाळूच्या जवळपास 1,100 टेकड्या, शेतातल्या सरींसारख्या एकमेकींना समांतर. 1962 साली भूवैज्ञानिक रेग स्प्रिग बायको-मुलांना घेऊन मोटारीने हे वाळवंट पहिल्यांदा पार करून गेले. पुढच्या एकदोन वर्षांत तेल शोधणाऱ्या फ्रेंच कंपनीने पाडलेली वाट आज ‘फ्रेंच लाइन’ म्हणून ओळखली जाते. त्याच्या कितीतरी आधीपासून वांगकांगुरू लोक ‘मिकिरी’ नावाच्या खोल, अरुंद विहिरींच्या आधाराने इथे राहत होते. आपल्याला मात्र पाणी पाठीवर, म्हणजे गाडीवर, वाहून न्यावं लागतं. खरी गोम तिथेच आहे. जगवणारी प्रत्येक गोष्ट गाडी जड करते, आणि जड गाडी वाळूत जास्त रुतते, जास्त पिते.

हिशेब मांडून बघू. टेकडीची सरासरी उंची 10 मीटर धरली, तर 1,100 टेकड्यांचा मिळून चढ होतो 11 किलोमीटर, एव्हरेस्टहून जास्त. तीन टनांची गाडी एवढी वर उचलायला सुमारे 32 कोटी ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण साडेतीन कोटी ज्यूल असतात आणि इंजिन त्यातले जेमतेम 30 टक्के कामी लावतं. म्हणजे नुसत्या चढाला 30 लिटर गेले, आणि उतरताना त्यातला थेंबही परत मिळत नाही. याच हिशेबाने 100 किलो जास्त सामानाला फक्त एक लिटर जास्त पडतो. मग वजनाची एवढी धास्ती कशाला? कारण मोठा खर्च चढाचा नाहीच. तो वाळू दाबण्याचा आणि चाकासमोर साचलेली वाळू ढकलत राहण्याचा आहे. डांबरी रस्त्यावर 100 किलोमीटरला 11-12 लिटर पिणारी आमची गाडी वाळूत 20 पिणार, असं धरून मी कॅन भरतोय.

यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. चाकांतली हवा कमी करायची. गाडी तीन टनांची, म्हणजे एका चाकावर 750 किलो. टायरमध्ये 36 पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला 36 पौंड दाबाची हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण 300 चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा. हवा 18 वर आणा, की तोच टेकू जवळपास अख्ख्या कागदाएवढा होतो. टायर रुंद होतो असा आपला समज असतो, पण तो मुख्यतः लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. त्यामुळे तो वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून जातो. हवा न उतरवता नुसत्या वेगाच्या जोरावर टेकडीवर धाड घालणारे महाभागही भेटतात. त्यांची चाकं उड्या मारत चढाच्या पायथ्याशी खड्डे पाडून ठेवतात, आणि त्याचा त्रास मागून येणाऱ्या प्रत्येकाला.

एक मेख आहे. पहाटे 15 अंशांना 18 पीएसआय भरलेला टायर दुपारी आतून 55 अंशांपर्यंत तापला, तर दाबमापकाचा काटा 22च्या पुढे जातो. हवेचा दाब निरपेक्ष, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या, तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत पाठ केलेलं इथे वाळूत गुडघे टेकून तपासावं लागतं.

दिशाही वजनावरच ठरवली. टेकड्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा तीव्र, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला जाणं सोपं. त्यातही, पश्चिमेला टेकड्या बुटक्या असतात आणि पूर्वेकडे उंच होत जातात. शेवटी, बर्ड्सव्हिलच्या अलीकडे, उभी असते 40 मीटरची ‘बिग रेड’. तिथे पोहोचेपर्यंत डिझेल आणि पाणी मिळून दीडएकशे किलो उतरलेले असतात. ही सोय निसर्गाने आमच्यासाठीच केली आहे, असं मी घरात सांगून ठेवलंय.

वाळवंटाच्या आधीचा कच्चा रस्ता मात्र वाळूहून वाईट, पन्हाळी पत्रा आडवा अंथरावा तसा. या लाटा गाडीच्या स्प्रिंगमुळे पडतात, असं पूर्वी सांगत. 2007 साली टॅबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या भौतिकशास्त्रज्ञांनी फिरत्या टेबलावर वाळू पसरून तिच्यावरून एक साधं चाक चालवलं. स्प्रिंग नसतानाही लाटा पडल्या. त्या टाळणारा वेग आहे, पण तो इतका कमी की माणूस चालत बरा. शॉकअब्सॉर्बर बिचारा प्रत्येक हादऱ्याची उष्णता करतो. गाडी जितकी जड, तितकं त्यातलं तेल जास्त तापतं, आणि तापलं की त्याचं काम ढिलं पडतं. दर तासाला थांबून त्याला हात लावून बघायचा, अर्थात बेताने.

पाण्यात काटछाट नाही. माणशी रोज 10 लिटर, आणि वर अडकून पडलो तर म्हणून वेगळा साठा. हवा शरीरापेक्षा गरम झाली, की थंड राहायला घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात चालणाऱ्या माणसाचा एवढा घाम तासाभरात जाऊ शकतो. मग गाडी सोडून चालत निघालं, तर पाणी बरोबर नेलं तरी किती नेणार? 10 लिटर म्हणजे खांद्यावर 10 किलो, आणि ते एका दिवसात संपणार. 1963च्या डिसेंबरात, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, बर्ड्सव्हिलहून दक्षिणेला जाणाऱ्या बर्ड्सव्हिल ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर पाच जणांचं एक कुटुंब अडकलं. ते गाडी सोडून निघाले आणि पाचही जण दगावले. गाडी सावली देते, आणि विमानातून माणसापेक्षा लवकर दिसते. आता 1 डिसेंबर ते 15 मार्च सिम्प्सनचं राष्ट्रीय उद्यान बंदच असतं. एरवी जाणाऱ्या गाडीवर उंच काठीला झेंडा सक्तीचा, कारण माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही.

काट्यावर न चढलेली एकच वस्तू आहे, मुठीत मावणारा बीकन. बटण दाबलं की तो 406 मेगाहर्ट्‌झवर उपग्रहांना मदतीची हाक देतो आणि किमान 24 तास देत राहतो. तो सामानात ठेवायचा नाही, अंगावर बाळगायचा. काल त्याच्या बॅटरीची मुदत बघितली, पुढच्या महिन्यात संपतेय.