आमची कॉफी, आमची टेबलं आणि दाराजवळचा फळा

नमस्कार.

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या आमच्या कॉफीच्या दुकानात पहिल्यांदा येणारे दोन गोष्टी हमखास विचारतात. चहा मिळेल का? आणि किती वेळ बसलेलं चालेल?

चहा आम्ही करत नाही. समोरच्या टपरीवर तो फार छान मिळतो. तिथला ग्लास घेऊन आमच्याकडे बसलात तरी चालेल. बसा मात्र हवं तेवढं. सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक बदलून थेट इकडे येणारे आजोबा एका कॉफीवर दोन तास वाचतात. स्पर्धा परीक्षेची मुलं तर सकाळीच जागा धरतात. कपाबरोबर बिल आणून ठेवायची पद्धत आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही.

आता कॉफीचं. बी चिकमगळूरची. नेहमीच्या कपात 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. ते एक मूळ आहे, भाजून दळलेलं. त्याने रंग आणि दाटपणा येतो, आणि त्यात कॅफीन नसतं. नको असेल तर सांगा, बिनचिकोरीचा फिल्टर वेगळा लावलेला असतो. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा दाट अर्क, थेंबथेंब उतरायला 15 ते 20 मिनिटं लागतात, म्हणून गर्दीच्या वेळी थोडं थांबावं लागेल. ते घाईने उतरत नाही आणि परत उकळलं की कडू होतं. घरी करतानाही दूध वेगळं तापवा, डिकॉक्शन वरून घाला. पूड आमच्याकडून नेलीत तर थोडी थोडीच न्या. दळल्यावर वास उडायला लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको.

दाराजवळच्या फळ्यावर भाव नसतात, ते आत लिहिलेत. पावसाळ्यात तिथे गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं, होळकर पुलाखालून किती जातंय आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला (पुराची उंची इथे तिच्यावरून सांगतात) कुठवर चढलंय, हे लिहितो. सुरुवात भांडीबाजारातल्या एका दुकानदारांमुळे झाली. कॉफी पिताना ते दर दहा मिनिटांनी फोन लावून पाणी विचारत होते. धरणातून सोडलेलं पाणी घाटावर पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात खालच्या फळीवरचा माल वर चढवता येतो. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना या वेळेची किंमत सांगायला नको. आकडे आम्ही प्रशासनाच्या सूचनांतून घेतो. घाटावरून येणारे मारुतीची खबर देतात, कोणीही खडू उचलून ती लिहितं. तुम्हीही लिहा, फक्त शेजारी वेळ टाका. ऐकीव असेल तर नको.

बुधवारी गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बाजाराला खेड्यांतून आलेल्या भाजीवाल्या मावश्यांसाठी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह दिवसभर खुलं असतं. काही घ्यायलाच हवं असं नाही. त्या दिवशी मागच्या दारापाशी पाट्या-टोपल्या दिसतील, जरा जपून चाला.

वेळ सकाळी 7 ते रात्री 9. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तेव्हा व्याख्यान ऐकून परतणाऱ्यांसाठी 10 वाजेपर्यंत. रंगपंचमीला दुकान बंद. आमची पोरंही रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारायला गेलेली असतात.