गाडी मोडीत काढताना आधी काय काढायचं?

मोटारगाडीच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश वाटा लोखंड-पोलादाचा असतो. त्यामुळे भंगार गाडीला गिऱ्हाईक मिळतंच, त्यासाठी कायदा लागत नाही. कायदा लागतो तो ज्याला कोणी पैसे देत नाही त्या मालासाठी: काळं तेल, एसीतला वायू, न फुटलेल्या एअरबॅगा आणि श्रेडरमधून, म्हणजे गाडीचे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, शेवटी उरणारा फोम, काच, रबराचा चुरा. हा चुरा गाडीच्या वजनाच्या २० ते २५ टक्के भरतो.

जपानला हे महागात पडून समजलं. तेशिमा बेटावर असा चुरा आणि इतर औद्योगिक कचरा वर्षानुवर्षं बेकायदा टाकला जात होता. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातला. ढीग उपसून संपायला २०१७ उजाडलं आणि माल नऊ लाख टनांवर भरला. जानेवारी २००५ पासून जपानमध्ये लागू असलेल्या कायद्यानुसार गाडी घेतानाच ग्राहकाकडून पुनर्वापर शुल्क घेतात, आणि ते नेमकं तीन गोष्टींसाठी असतं: एसीचा वायू, एअरबॅग आणि श्रेडरचा चुरा. लोखंडासाठी एक पैसाही नाही, कारण तो भाग बाजार आपणहून सांभाळतो. या विषयातला इतका नेमका कायदा दुसरा सापडणं कठीण.

प्रत्यक्ष कामात क्रमाला महत्त्व आहे. सर्वांत आधी बॅटरी काढायची. त्यानंतर काही मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेतल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो. एअरबॅगा आणि सीटबेल्ट खेचणारे स्फोटक ताणक लांबून, बाहेरच्या वीजपुरवठ्याने उडवून टाकतात. जुन्या एअरबॅगांत सोडियम अझाइड हे विषारी रसायन असतं. उडवल्यावर ते जळून जातं, न उडवता श्रेडरमध्ये गेलं तर चुऱ्यात मिसळतं.

मग इंधन. टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूला हवेवर चालणाऱ्या ड्रिलने, ठिणगी न पाडणाऱ्या पात्याने भोक पाडून ते ओढून घेतात. टाकी ‘रिकामी’ दिसली की गॅसकटर हातात घ्यायचा, ही चूक जिवावर बेतते: टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ हवेत मिसळून भरलेल्या टाकीपेक्षा सहज भडकते.

इंजिन ऑइल ४-५ लिटर निघतं. बोल्ट काढून दोन मिनिटांत पुढे सरकलं, तर बरंचसं आतच राहतं. किमान २० मिनिटं निथळू द्यावं लागतं, आणि फिल्टर वेगळा काढावा लागतो. शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल बहुतेक यार्डांत विसरलं जातं, त्यालाही भोक पाडावं लागतं. ब्रेक ऑइल, कुलंट आणि इंजिन ऑइल एकाच पिंपात ओतलं की तिन्ही वाया जातात. पहिल्या दोन द्रवांतली ग्लायकॉलची संयुगं आणि पाणी इंजिन ऑइलमध्ये मिसळलं, तर ते शुद्ध करून परत वापरणं परवडत नाही.

एसीत वायू असतो जेमतेम अर्धा-पाऊण किलो. पण आर-१३४ए या वायूचा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. नळी कापून ६०० ग्रॅम सोडून दिला, तर साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

आता श्रेडर. फिरते हातोडे गाडीचे मुठीएवढे तुकडे करतात, हवेचा झोत हलका चुरा उडवतो, चुंबक लोखंड उचलतं, एडी करंटवरचं (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत वीजप्रवाह निर्माण करणारं) यंत्र ॲल्युमिनियम बाजूला फेकतं. अडचण करतं ते तांबं. वायरिंग आणि छोट्या मोटरी आधी काढल्या नाहीत, तर तांब्याचे धागे लोखंडात गुंतून चुंबकाबरोबरच जातात. भट्टीत ते काढता येत नाहीत, कारण ऑक्सिजन फुंकला की तांब्याआधी लोखंडच जळतं. पुढे तापलेलं पोलाद लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड गंजून पापुद्रा धरतं आणि त्याखाली तांबं साचतं. १०८५ अंश सेल्सिअसला ते वितळून पोलादाच्या कणांच्या सीमांत शिरतं आणि पत्र्याला चिरा पडतात. असं पोलाद बांधकामाच्या सळ्यांना चालतं, गाडीच्या पत्र्याला नाही. म्हणजे गाडीची गाडी होत नाही, सळई होते.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाला हे दिसत नाही. २०१५ पासून गाडीच्या वजनाच्या ९५ टक्क्यांचा पुनर्वापर किंवा ऊर्जेसह अन्य उपयोग व्हावा, त्यातला पुनर्वापर आणि पुनर्चक्रण ८५ टक्के असावं, अशी त्याची अट आहे. वजनाच्या हिशेबात तांबं मिसळलेलं पोलादही पुनर्चक्रित ठरतं, आणि ६०० ग्रॅम वायू तर मोजणीत किंचितही दिसत नाही. त्याच निर्देशाने जुलै २००३ नंतरच्या गाड्यांत शिसं, पारा, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) काही अपवाद वगळता बंद केलं. माझ्या मते टक्केवारीपेक्षा या बंदीचा उपयोग जास्त झाला, कारण गाडीत जे घातलंच नाही ते काढावं लागत नाही.

कागदपत्रांतली गळतीही मोठी आहे. युरोपात नोंदणी कायमची रद्द करायला अधिकृत केंद्राचा दाखला लागतो, तरी दरवर्षी सुमारे ३५ लाख गाड्यांचा ठावठिकाणा लागत नाही. काही नोंद न होता सुट्या भागांसाठी फोडल्या जातात, काही ‘वापरलेली गाडी’ म्हणून देशाबाहेर जातात. भारतातल्या २०२१ च्या नियमांत चेसी नंबरचा तुकडा कापून जपून ठेवायची अट आहे, कारण भंगार गाडीचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवणं हा जुना धंदा आहे.

विजेच्या गाड्यांनी यात भर घातली आहे. सुमारे ४०० व्होल्टचा, कित्येक शे किलोचा बॅटरी पॅक काढण्याआधी सर्व्हिस डिस्कनेक्ट (पॅकची वीज तोडणारी खटकी) ओढून कपॅसिटरमधला भार उतरेपर्यंत थांबावं लागतं, हातात विजेपासून संरक्षण देणारे रबरी मोजे लागतात. अपघातात चेपलेला पॅक विझल्यावरही काही दिवसांनी पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर वेगळा ठेवतात. डिस्कनेक्ट कुठे आहे, किती मिनिटं थांबायचं, हे मॉडेलगणिक बदलतं. युरोपात नवं मॉडेल बाजारात आल्यापासून सहा महिन्यांत सुटं करण्याची माहिती देणं उत्पादकावर बंधनकारक आहे. जिथे असं बंधन नाही, तिथे ती जागा यार्डातल्या कामगाराला पाना हातात घेऊन शोधावी लागते.