विषाणू नाही, तरी ताप : ल्युपस आणि इंटरफेरॉनची पार्श्वभूमी
अंगात कणकण, सांधे ठणकतात, गळून गेल्यासारखं वाटतं. ल्युपस म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याचे अनेक पेशंट सुरुवातीला असंच काहीतरी सांगतात. फ्लू झाल्यासारखं, फक्त हा फ्लू जात नाही. या तक्रारीतच आजाराचं मर्म होतं, पण ते ओळखायला पन्नासेक वर्षं गेली.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर माल्कम हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली. दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली. १९५७ मध्ये रुग्णांच्या रक्तात चक्क स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटीबॉडी (एरवी जंतूंवर नेम धरणारी प्रथिनं) सापडल्या. मग सगळ्यांचं लक्ष अँटीबॉडींवरच खिळलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेऊन बसले होते. त्यांवर आधी उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू सोडला, तर नंतर सोडलेला जिवंत विषाणू तिथे वाढेना. पेशी काहीतरी सोडत होत्या. त्या प्रथिनाला त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन.

हे दोन धागे जुळायला १९७९ उजाडलं. ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन आढळलं, आणि आजार जोरात असेल तेव्हा जास्त. तरी पुढची बरीच वर्षं ही नोंद बाजूलाच पडली. १९९० मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एक उलटा पुरावा नोंदवला : ट्यूमरसाठी औषध म्हणून अल्फा इंटरफेरॉन (इंटरफेरॉनचा एक प्रकार) दिलेल्या एका रुग्णाला ल्युपससारखा आजार झाला.

खरा उलगडा २००३ चा. अमेरिकेतल्या दोन गटांनी रक्तपेशींमधली हजारो जनुकं एकाच वेळी तपासली. प्रौढ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत आणि मुलांमध्ये जवळजवळ सर्वांत इंटरफेरॉनने जागी होणारी जनुकं एकगठ्ठा चालू होती. जणू शरीर विषाणूशी लढतंय, फक्त विषाणूचा पत्ता नाही. कारण असं की मेलेल्या पेशींचा डीएनए-आरएनए अँटीबॉडींना चिकटतो, हे गाठोडं प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी ही एक रोगप्रतिकारक पेशी आत घेते आणि टीएलआर-७, टीएलआर-९ हे तिचे पहारेकरी त्याला विषाणू समजतात. पेशी भरभरून इंटरफेरॉन सोडते, त्याने अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी चेकाळतात, आणखी अँटीबॉडी बनतात. चक्र फिरत राहतं.

आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन? मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली ही गोळी १९५० च्या दशकापासून ल्युपसला दिली जाते. ती याच पहारेकऱ्यांना थोडं गप्प करते, हे कळलं फार नंतर. औषध आधी, कारण मागाहून. वैद्यकात हे काही नवीन नाही.

बी पेशींना तगवणाऱ्या ब्लिस या प्रथिनावरचं बेलिमुमॅब २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ल्युपससाठी पन्नासहून अधिक वर्षांतलं ते पहिलं नवं औषध. इंटरफेरॉन पेशीवर जिथे चिकटतं तो रिसेप्टरच अडवणारं ॲनिफ्रोलुमॅब मात्र पहिल्या मोठ्या चाचणीत मुख्य निकषावर नापास झालं. दुसरीत निकष बदलला, ते उत्तीर्ण झालं आणि २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. या दुसऱ्या चाचणीत औषध घेणाऱ्या ७.२ टक्के रुग्णांना नागीण झाली. तुलनेसाठी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन, मिळालेल्यांत हे प्रमाण १.१ टक्के होतं. नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. कांजिण्या होऊन गेलेल्यांच्या मज्जातंतूंत तो दबा धरून असतोच, आणि त्याला दाबून ठेवण्यात इंटरफेरॉनचाही हात असतो.